कुर्तीला खिसा आहे का हो?

गेल्या दिवाळीआधी धुळ्याच्या आग्रा रोडवर मी एका दुपारी सहा दुकानं फिरले. कुर्ती घ्यायची होती, बजेट सातशे. प्रत्येक दुकानात काउंटरवर ढीग पडला. नायरा कट, आलिया कट, अंगरखा पॅटर्न, मागे डोरी, डोरीला लटकन, लटकनाला घुंगरू, गळ्याला आरसे. एका कुर्तीच्या तर खांद्यावर कापडाची फुलं होती आणि फुलांवर मोती. सगळं बघून झालं की मी एकच प्रश्न विचारायचे, "याला खिसा आहे का हो?" पाच दुकानांत नुसती नकारार्थी मान हलली. सहाव्या दुकानातल्या, साधारण माझ्याच वयाच्या पोराने मात्र अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, लेडीजमध्ये खिसा येत नाही."

येत नाही! जसा काही खिसा म्हणजे पाऊसच. आमच्या शिंदखेडा तालुक्यात पाऊस येत नाही, हे मी समजू शकते, त्यात कुणाचा हात नाही. पण घुंगरू येतो, मोती येतो, आरसा येतो आणि दोन तळहातांएवढं कापड शिवून केलेली साधी पिशवी येत नाही, हे कसं? तो पोरगा स्वतः कार्गो पँट घालून उभा होता. मी सहज मोजले, सहा खिसे होते. त्यातले चार तर रिकामेच दिसत होते.

मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसल्या. "एवढंच ना? पर्स घे की!" खिशाचा विषय निघाला की सगळे असेच हसतात. म्हणून एक प्रसंग सांगते.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी, घोड्यांचा मोठा बाजार. आम्हाला दोंडाईचामार्गे जवळच. मी तेव्हा बारावीत होते. अंगात नवा ड्रेस, अर्थातच बिनखिशाचा. गर्दीत पर्स मारतात म्हणून पर्स घरीच ठेवायला लावलेली. मग आपलं सगळ्यांचं ते नेहमीचं वाक्य, "दादा, माझा मोबाईल तुझ्या खिशात ठेव ना." मोबाईलच्या कव्हरमागे शंभराच्या दोन नोटा होत्या, त्याही गेल्या त्याच्याच खिशात. तासाभराने घोडे बघता बघता आमची चुकामूक झाली.

आता गंमत बघा. पैसे दादाच्या खिशात. दादाचा नंबर माझ्या फोनमध्ये. आणि फोन दादाच्या खिशात. पाठ असलेला नंबर एकच, पप्पांचा. तो लावायला शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंकडे फोन मागितला, तर त्या म्हणाल्या, "थांब ना बेटा, माझा फोन यांच्याकडे आहे." त्यांचे 'हे' पोरांना घेऊन पाळण्याकडे गेले होते. मग आम्ही दोघी, एक सतरा वर्षांची आणि एक पन्नाशीची, आपापल्या फोनची वाट बघत पाऊण तास तिथेच उभ्या राहिलो. वाईट काही घडलं नाही. दादा सापडला, वर मलाच ओरडला. पण त्या पाऊण तासात मला पाच रुपयांचा चहा घेता आला नसता की परतीचं तिकीट काढता आलं नसतं.

हे काही फक्त यात्रेपुरतं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या बायका किती फिरायला लागल्या ते स्टँडवर येऊन बघा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, दीड हजार रुपये थेट बायकांच्या खात्यात पडायला लागले. खातं मोबाईलला जोडलेलं, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड. म्हणजे पैसा आता फोनमध्ये असतो. आणि फोन? लग्नात, बाजारात, दवाखान्यात, यात्रेत तो असतो नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर पोराच्या खिशात, कारण खिसा त्यांनाच आहे. पैसे आल्याचा मेसेज आधी तेच वाचतात. ज्याच्या खिशात फोन, त्याच्याकडेच ओटीपी. सगळे नवरे काही वाईट नसतात, बरेचजण बिचारे हमाली म्हणूनच तो फोन सांभाळतात. तरीपण.

आठवून बघा, शाळेत आपल्याला खिसा होता. सातवीपर्यंत माझ्या स्कर्टला उजवीकडे चांगला खोल खिसा होता. त्यात बोरं, चिंचा, खडूचे तुकडे, रुमाल, कधीकधी दोन रुपये. आठवीत गणवेशाची सलवार-कमीज आली आणि खिसा गेला. नेमका पाळी सुरू व्हायच्या वयात! पॅड बाथरूमपर्यंत न्यायचं तर अख्खी सॅक खांद्याला लावून जावं लागायचं, आणि मधल्या तासाला मुलगी सॅक घेऊन निघाली की का निघाली ते शेवटच्या बाकापर्यंत कळायचं. ओढणीत गुंडाळून नेणं, बाहीत सरकवून नेणं, मैत्रिणीला आडोशाला घेऊन चालणं, हे सगळे प्रकार आम्ही केले. मुलांच्या पँटला मात्र पहिलीपासून दहावीपर्यंत खिसे शाबूत. त्यात असायच्या गोट्या.

शेवटी आग्रा रोडवरून मी एक नायरा कट घेऊन आलीच. घरी आजीला दाखवली. तिने कापड चुरगळून बघितलं, दोन्ही बाजूंनी हात फिरवला, किंमत विचारली आणि म्हणाली, "इतला पैसा दिना, आन् खिसाच नही? मंग पैसा कथा ठेवस?"

आजीला हा प्रश्न पडणारच. ती आयुष्यभर लुगडं नेसली. नोटा कनवटीला, चिल्लर पदराच्या टोकाला गाठीत, सुपारी-तंबाखूची चंची कमरेला खोचलेली. कापूस वेचायला गेली की त्याच लुगड्याची ओटी करायची आणि वेचलेला कापूस त्यात टाकत पुढे सरकायची. अख्ख्या लुगड्यात शिवण एक नाही, पण वस्तू ठेवायच्या जागा चार. पंढरपूरला निघाली की चोळीला आतून चोरखिसा शिवून घ्यायची. आजोबांच्या बंडीलाही चोरखिसा होता म्हणा, पण त्यांना बाहेरून दोन उघडे होतेच. आजीला शिवलेला असा तेवढा एकच, तोही चोरटा.

मग सहावारी आली. तिच्यात खोचायला कमर राहिली, पण लुगड्याचा तो घोळ गेला. बायकांनी छोटं पाकीट ब्लाउजमध्ये सरकवलं, पाकिटामागून मोबाईलही तिथेच गेला. बसमध्ये कंडक्टरसमोर पाठ वळवून पैसे काढणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी बघितल्यात. त्यानंतर ड्रेस आला, ड्रेसखाली लेगिंग्ज आली आणि खोचायलाही जागा उरली नाही. आता मोबाईल हातात. एका हाताला मोबाईल म्हणजे तो हात कामातून गेला. स्टँडवर पिशव्या उतरवताना मी माझा फोन बाकावर ठेवला आणि तसाच विसरून आले, ती सगळी चूक माझीच. पण हातात धरायची वस्तू माणूस कधीतरी खाली ठेवणारच ना?

आता फॅशनच्या बातमीकडे येऊ, कारण हे पान त्यासाठीच आहे. हल्ली रील्सवर साडी आणि शर्टचा ट्रेंड चालू आहे. ब्लाउजऐवजी पांढरा कॉलरवाला शर्ट, त्यावर साडी, कमरेला बेल्ट, पायात स्नीकर्स. छान दिसतं, मलाही आवडतं. "काय भन्नाट आयडिया!" म्हणून खाली बदामांचा पाऊस पडतो. ज्यांना ही आयडिया नवी वाटते त्यांनी दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे यावं आणि कुठल्याही कपाशीच्या शेताच्या बांधावर उभं राहावं. ओळीने बाया कापूस वेचत असतात. अंगावर साडी, साडीवर घरातल्या कुणाचा तरी जुना फुल शर्ट, डोक्याला रुमाल. कपाशीच्या शेतात हा ड्रेस कधीपासून आहे कुणास ठाऊक, मी लहानपणापासून बघतेय. फरक एवढाच की शहरात शर्ट आत आणि पदर वर, शेतात पदर आत आणि शर्ट वर.

हा फरक उगाच नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांसारखी लागतात, हात कोपरापर्यंत ओरबाडून निघतात. वर ऊन. झाडावर फवारलेलं औषध असतं ते वेगळंच. फुल बाहीचा शर्ट हे सगळं अडवतो. माझी मामी वेचणीला जाते. तिला मी विचारलं, "मामी, शर्टच का? शिवून घे ना काहीतरी लांब बाह्यांचं." ती म्हणाली, "शर्टाला खिसा असतो ना." मामाचा जुना चौकड्याचा शर्ट आहे तो. छातीवरच्या खिशात तिचा मोबाईल, आणि वाकलं की पडू नये म्हणून खिशाच्या तोंडाला सेफ्टी पिन. मोबाईलवर गाणी लावलेली, आवाज थेट कानाखाली. दिवसभर दोन्ही हात मोकळे. मी आजवर बघितलेला सगळ्यात कामाचा बायकांचा ड्रेस हा आहे आणि त्याचा डिझायनर कोण म्हणून कुणी विचारलेलं नाही. फक्त तो शर्ट मामाचा उतरलेला आहे, ही गोष्ट मला टोचते. म्हणजे खिसा मिळाला, तोही जुना आणि पुरुषाकडून आलेला.

आमच्याकडची दुसरी अशीच वस्तू म्हणजे सनकोट. एप्रिल-मे महिन्यांत धुळे-जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा स्कूटीवरच्या सगळ्या मुली एकसारख्या दिसतात. पांढरा सुती सनकोट, तोंडाला डोळे सोडून गुंडाळलेला स्कार्फ, हातमोजे, गॉगल. पुण्याची माझी आतेबहीण आम्हाला बघून म्हणाली, "तुम्ही चंद्रावर निघालात का गं?" पण सनकोटला मात्र चांगले खोल खिसे असतात! किल्ली, फोन, ग्लुकोजचा पुडा, सगळं मावतं. का असतात? कारण सनकोट कुणी सुंदर दिसायला घालत नाही. सुंदर दिसायचा कपडा नसला की बायकांनाही खिसा मिळतो, असा हा सगळा हिशोब आहे. तोच सनकोट आता फुलाफुलांच्या प्रिंटमध्ये, कमरेत घट्ट करून यायला लागलाय. त्याचा खिसा कधी जातो याकडे माझं लक्ष आहे.

हे दुखणं काही आपल्याच बाजारातलं नाही. 'द पुडिंग' नावाच्या एका संकेतस्थळाने २०१८ मध्ये चक्क टेप घेऊन वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के उथळ निघाले आणि साडेसहा टक्के अरुंद. बायकांच्या पुढच्या खिशांपैकी फक्त ४० टक्के खिशांमध्ये तेव्हाचा नामांकित कंपनीचा एखादा स्मार्टफोन पूर्ण मावत होता. अठराव्या शतकात युरोपातल्या बाया घागऱ्याखाली कमरेला नाडीने बांधायची खिशांची जोडी वापरत, घागऱ्याच्या चिरेतून हात घालून. आपल्या कमरेच्या चंचीची लांबची बहीणच ती. शतक संपता संपता अंगालगत झुळझुळीत झग्यांची फॅशन आली, खिसे फुगीर दिसायला लागले आणि त्यांच्या हातात आली एक चिमुकली पिशवी. तिकडेही सहावारी आली म्हणायची! पुढे १९१० मध्ये, बायका मतदानाचा हक्क मागत होत्या त्या काळात, भरपूर खिसे असलेल्या 'सफ्रजेट सूट'ची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती.

मला सगळ्यात आवडते ती जीन्सचीच गोष्ट. अमेरिकेत रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्यासाठी टिकाऊ पँट शिवून मागितली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिवेट ठोकले, खिसे फाटायचे थांबले. २० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्रॉससोबत त्याला त्याचं पेटंट मिळालं. जगभर पोचलेल्या जीन्सच्या खिशाची सुरुवात एका बाईच्या मागणीने झाली. लेव्हीजची खास बायकांसाठीची जीन्स बाजारात यायला मात्र १९३४ उजाडलं.

आता बाजाराला वास लागलाय. ऑनलाइन बघा, कुर्तीच्या नावापुढे 'विथ पॉकेट्स' लिहितात. लेहंग्याच्या खिशात हात घालून उभ्या नवऱ्यांचे फोटो येतात, म्हणजे नवऱ्या मुलींचे. खिशाची साडीसुद्धा मिळते. चांगलंच आहे, मी कौतुकच करीन. पण पुरुषांच्या पँटवर कधी 'विथ पॉकेट्स' लिहिलेलं बघितलंय? आपल्याला मात्र खिसा म्हणजे फीचर, आणि फीचर म्हटलं की वर दोनशे रुपये.

आणि पर्सचं काय? पर्स असावी, माझ्याकडेही तीन आहेत. पण पर्स खांद्यावरून काढावी लागते, खाली ठेवावी लागते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. खिसा अंगावर असतो, त्याची आठवणही राहत नाही. दादाला विचारा, तो दिवसातून किती वेळा खिशाचा विचार करतो.

एक बाजू मात्र दुकानदारांचीही ऐकायला हवी. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्याकडे नायरा कट घेऊन गेले आणि म्हटलं, "याला खिसा लावून द्या." त्यांनी आधी मलाच शिकवलं. कुर्तीचा कट, म्हणजे बाजूची चीर, नितंबाच्या वरच सुरू होते, मग शिवणीत खिसा बसवायचा कुठे? चिरेतून पिशवी बाहेर डोकावणार. दुसरं, कापड रेयॉन किंवा जॉर्जेट. त्यात दोनशे ग्रॅमचा फोन टाकला की एक बाजू खाली ओढली जाते आणि चालताना मांडीवर फोन आपटतो. "म्हणून मी कुणाला सांगत नाही खिसा लाव म्हणून," काकू म्हणाल्या, "नंतर माझ्याच नावाने बोंब." हे मला पटलं. म्हणजे अडचण खरी आहे. पण कुर्ती आधी खिसा सोडून आखली म्हणूनच ती अडचण आहे, आणि हे काकूंनाही पटलं.

मग आम्ही दोघींनी मिळून उपाय काढला. शिवायला दिलेल्या पुढच्या कुर्तीचा कट तीन इंच खाली घेतला. खिशाची पिशवी कुर्तीच्या कापडाची न करता जुन्या सुती चादरीची केली, म्हणजे ताणली जात नाही. तोंड सहा इंच, खोली तोंडाच्या खाली सात इंच. आणि पिशवीला वरून एक पट्टी जोडून ती कमरेच्या शिवणीत पकडली, त्यामुळे फोनचं वजन बाजूच्या शिवणीवर न येता कमरेवर येतं. "पोट जाड दिसेल हं," काकूंनी शेवटचा इशारा दिला. मी म्हटलं, दिसू द्या. खिशाचे त्यांनी वेगळे चाळीस रुपये घेतले आणि ते मी पहिल्यांदा त्याच खिशातून काढून दिले.

ती कुर्ती घालून आता कॉलेजला जाते. एसटीत उभं राहावं लागलं तर दोन्ही हातांनी दांडा धरते. आजीने खिशात हात घालून खोली तपासली आणि तिच्या अंगावरच्या नव्या ब्लाउजलाही आतून लावून मागितला. मामीसाठी काकूंकडे एक वेगळाच प्रकार शिवायला टाकलाय, शर्टासारखाच, फुल बाहीचा, पण तिच्या मापाचा, छातीवर झाकण आणि बटण असलेला खिसा. कापड जाड सुती, रंग तिनेच निवडलाय, लालभडक. तिची ट्रायल अजून व्हायची आहे. वेचणी सुरू होईल तेव्हा कळेल तिला तो आवडतो की ती पुन्हा मामाचाच शर्ट काढते.

तुमच्यापैकी कुणी यंदाच्या दिवाळीची शिलाई टाकायला निघाल्या असाल तर लवकर टाका, दसऱ्यानंतर कुठलीच टेलर काकू हात लावू देत नाही. कापडासोबत पाव मीटर जुनं सुती कापड न्या. आणि फोनही काढून काउंटरवर ठेवा, मापाला लागतो.